रिकाम्या जागी उभा राहणारा

जन्मभर दुसऱ्यांचे चेहरे उजळणाऱ्या या माणसाच्या घरात त्याचा स्वतःचा एकही फोटो नव्हता, आणि डॉक्टरीणबाईंनी विचारेपर्यंत हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं साधं होतं. बायकोला आता चेहरे आठवेनासे झाले होते. औषधांनी जेवढं थोपवता येईल तेवढं थोपवू, पण घरात माणसांचे मोठाले फोटो लावा, खाली नातं लिहा, रोज दाखवा, असं त्या म्हणाल्या. कॅमेरामनने मान डोलावली. फोटोच हवेत ना, मग आपल्या घरात काय तोटा, असं त्याला वाटलं.

घरी येऊन बापलेकींनी कपाटं उपसली. लेकीचे फोटो पोत्याने निघाले. बायकोचे निघाले, खिडकीतले, गच्चीवरचे, झोपेतलेसुद्धा. ज्यांची नावंही आता कुणाला ठाऊक नाहीत अशा नटनट्यांचे निघाले. त्याचा मात्र एकही नाही. स्वतःच्या लग्नातसुद्धा फोटो यानेच काढले होते, त्यामुळे सगळ्या फोटोंत नवरी एकटी, आणि एकात कोपऱ्यात नवरदेवाच्या बुटाचं टोक. पुढे घरोघरी कॅमेऱ्याचे फोन आले, तरी कुणी फोन वर केला की हा तो हातातून काढून घ्यायचा. “दे इकडे, तुला उजेड कळत नाही,” म्हणायचा आणि स्वतः मागे जाऊन उभा राहायचा.

“बाबा, बुटाखाली ‘नवरा’ लिहून लावू का?” लेकीने विचारलं.

तो हसायला गेला. पण बायको समोरच बसली होती आणि घरी आलेल्या परक्या माणसाकडे पाहावं तशी अदबीने त्याच्याकडे पाहत होती. त्याने बुटाचा फोटो पालथा ठेवला. लेकीला ती अजून ओळखायची. शेजारणीला ओळखायची. यालाच तेवढं “आपण कुणाकडे आलात?” असं विचारायची, वर पाणी द्यायची. पुरस्कार त्याने केव्हाच माळ्यावर टाकले होते, सिनेमाचं नाव काढलं तरी तो कंटाळायचा. आता त्याला एकच गोष्ट हवी होती. तिने एकदा मान वर करून त्याच्याकडे पाहून ‘अहो’ म्हणावं.

हा माणूस कॅमेऱ्यापुढे यायला एवढा का बिचकायचा, ते सांगायला हवं.

विशीत तो एका फोटो स्टुडिओत कामाला लागला. अरुंद जिना, वर काचेच्या छताची खोली, भिंतीवर रंगवलेल्या बागेचा पडदा. मालकाला सगळे मास्तर म्हणायचे. मास्तरांची ख्याती एका विचित्र कामासाठी होती. घरातलं माणूस दगावलं आणि सगळ्यांसोबतचा त्याचा फोटो काढायचा राहून गेला, की लोक मास्तरांकडे येत. मास्तर सगळ्यांना नीट उभं करत, मधे गेलेल्या माणसाएवढी जागा सोडत आणि तिथे या पोराला उभं करत, गेलेल्याचेच कपडे घालून. मग फोटो निघाला की याचं डोकं कात्रीने उडवायचं, जुन्या एखाद्या फोटोतलं गेलेल्याचं डोकं मोजून तिथे चिकटवायचं, सांध्यावर रंगाचा हात फिरवायचा आणि सगळ्याचा पुन्हा एक फोटो काढायचा. घरचे लोक बघून रडायचे आणि मास्तरांचे हात हातात घ्यायचे. याची कापलेली मुंडकी संध्याकाळी केराबरोबर जायची. “आज किती वेळा मेलास रे?” असं मास्तर त्याला रोज विचारायचे, आणि विचारून स्वतःच हसायचे.

पहिलं वर्ष त्याला गंमत वाटली. मग हळूहळू ते त्याला नकोसं व्हायला लागलं. कुणाची आई त्याच्या पाठीवरून हात फिरवायची. कुणाचा भाऊ कानात म्हणायचा, माफ कर मला. तो श्वास रोखून उभा राहायचा. उभं असताना तोंड उघडायचं नाही, हा मास्तरांचा नियम होता. लोक तुझ्याशी बोलत नाहीयेत, असं ते म्हणत.

एक दिवस एक तरुण बाई एकटीच जिना चढून आली. नवरा जाऊन थोडेच महिने झाले होते आणि दोघांचा मिळून एकही फोटो नव्हता. नवऱ्याचा कोट तिने घडी घालून आणला होता, आणि त्याच्या ऑफिसच्या कार्डावरचा फोटो. कोट याला बाह्यांत आखूड झाला. ती शेजारी उभी राहिली आणि तिने त्याच्या कोपराच्या वळणात हात घातला. हात एवढा थरथरत होता की फोटो पुन्हा पुन्हा हलला. मास्तर वैतागले. तेव्हा याने कुणाला दिसणार नाही अशा बेताने कोपर अंगाशी दाबला आणि तिची बोटं तिथे पक्की धरून ठेवली. फोटो स्वच्छ आला.

त्या फोटोचं डोकं बसवायचं काम मास्तरांनी पहिल्यांदाच याच्यावर सोपवलं. कार्डावरच्या फोटोत एका बाजूच्या कानावर ऑफिसचा शिक्का होता, कान दिसतच नव्हता. मास्तरांना विचारलं असतं तर त्यांनी केस थोडे खाली ओढून जागा झाकायला सांगितलं असतं. हा पडला हौशी. याने आरसा पुढे घेतला आणि स्वतःचाच कान रंगवून दिला, लहानपणी पडून पाळीला गेलेल्या खाचेसकट. सांधा कुठे आहे हे शोधून सापडेना. मास्तरांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. “फार चांगलं झालंय,” ते म्हणाले, “एवढं चांगलं करू नये.” त्याला वाटलं, मास्तर जळतात.

बाई फोटो न्यायला आली, नंतर चौकट बदलायला आली, नंतर काही कारण नसताना आली. पुढे दोघांनी लग्न केलं. तो फोटो तिने कपाटात खालच्या खणात ठेवला होता, आणि याची त्याला कधी ना नव्हती. खरं तर त्या सांध्याचा त्याला अभिमानच होता.

सांध्याच्या त्याच कसबाने त्याला सिनेमात नेलं. एका दिग्दर्शकाने स्टुडिओत असाच एक फोटो पाहिला आणि याला उचललं. थोडी वर्षं त्याने ट्रॉली ढकलल्या, शॉट चालू असताना लेन्सचा फोकस ओढला, शिव्या खाल्ल्या, मग स्वतः कॅमेऱ्यामागे बसला. एक मोठा नट अर्ध्या सिनेमात वारला, तेव्हा सगळ्यांचं धाबं दणाणलं. याने डमी घेऊन पाठमोरे शॉट, सावल्या, दारातून येणारा उजेड अशा युक्तीने उरलेला सिनेमा पुरा केला. थिएटरात कुणाच्या बापालाही कळलं नाही. तेव्हापासून धंद्यातले लोक त्याला शिंपी म्हणायला लागले. मेलेल्याला चालवायचं असेल तर शिंप्याला बोलवा, असं म्हणायचे. त्याचं नाव झालं, घर झालं, लेक झाली. आणि कॅमेऱ्यापुढे उभं राहायची वेळ आली की तो काहीतरी कारण काढून मागे सरायचा, ते पुरतं अंगवळणी पडलं.

तर आता फोटो हवा होता. लेकीला आठवलं की कॅमेरामन संघटनेचं ओळखपत्र असेल ना! होतंच. संघटनेच्या ऑफिसात त्या फोटोपुरतं उभं राहणं तेवढं त्याला चुकलं नव्हतं. टेबलाच्या खणात जुनी, मुदत संपलेली सगळीच ओळखपत्रं निघाली. सिनेमाच्या स्टुडिओच्या फाटकावरचे रखवालदार त्याला तोंडाने ओळखायचे, त्यामुळे कार्ड कुणी कधी उघडून पाहिलं नव्हतं. यानेही नाही. लेक ऑफिसला गेली. त्याने ती सगळी कार्डं खिडकीशी नेऊन ओळीने मांडली, चष्मा लावला आणि वाकून पाहिलं.

पहिल्या कार्डावर दुसराच माणूस होता.

त्याने भिंग आणलं. रुंद कपाळ, जुळत आलेल्या भुवया, किंचित वाकडी जिवणी. बायकोच्या पहिल्या नवऱ्याचा हा चेहरा त्याने एकदा ब्रशच्या टोकाने केसागणिक जुळवला होता, त्याला तो विसरणं शक्य नव्हतं. खांदे त्याचे स्वतःचे होते. शर्टसुद्धा त्याचाच, तो त्याला आठवत होता. आणि एक कान त्याचा होता, खाचेसकट.

पुढच्या कार्डावर तोच माणूस होता, केस थोडे मागे हटलेले. त्याच्या पुढच्यावर चष्मा लागला होता. मग कानशिलं पांढरी झाली, मग हनुवटीखालचं मांस सुटलं. तिशीही न पाहता गेलेला तो माणूस याच्या टेबलाच्या खणात बसून आरामात म्हातारा झाला होता.

न्हाणीघरात जाऊन त्याने आरशात पाहिलं. आरशात तोच होता, त्याचं नेहमीचं लांबट तोंड, बसकं नाक. त्याने फोन उलटा धरून स्वतःचा फोटो काढला, आयुष्यात पहिल्यांदा. फोनवर तो दुसरा माणूस याच्याच न्हाणीघरात उभा होता, याचाच टॉवेल खांद्यावर टाकून.

संध्याकाळी लेक आली. त्याने फोन तिच्यापुढे धरला. ती म्हणाली की वा, छान आलाय, टॉवेल तेवढा काढायचा होता. नीट बघ, असं त्याने सांगितलं. तिने नीट पाहिलं आणि त्याच्याकडे पाहिलं, बाबांचं वय झालं असं लेकी पाहतात तसं. दुसऱ्या दिवशी त्याने ती कार्डं आपल्या जुन्या फोकस ओढणाऱ्या दोस्ताला नेऊन दाखवली. डोळ्यांत तेल घालून काम केलेला माणूस, एका केसाचाही फरक त्याच्या नजरेतून सुटायचा नाही. दोस्ताने एकेक कार्ड उजेडात धरलं. “तूच आहेस की रे शिंप्या,” तो म्हणाला. “काय रुबाब होता तुझा.”

तो चालत घरी आला. वाटेत दुकानांच्या काचांत तो स्वतःला पाहत होता आणि काचांत तो जसाच्या तसा होता. त्याला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा राग जास्त येत होता. संसार केला कुणी? तिच्या तापात रात्री कुणी काढल्या? आणि भिंतीवर लटकणार कोण!

शेवटी लेकीनेच ठरवलं, दोघांचा मिळून फोटो काढू. रविवारी सकाळी तिने आईबाबांना खिडकीपाशी उभं केलं. त्याने नको म्हणून पाहिलं, पण लेकीपुढे काही चालेना. बायकोने अदबीने विचारलं की मी कुठे उभी राहू. त्याने शेजारची जागा दाखवली. ती उभी राहिली, क्षणभर घुटमळली आणि मग कुणी न सांगता तिने त्याच्या कोपराच्या वळणात हात घातला. हात थरथरत होता. हल्ली तो सारखाच थरथरायचा. त्याने कोपर अंगाशी दाबला. लेकीने फोटो काढला.

कोपऱ्यावरच्या दुकानातून तिने तो मोठा करून आणला, खाली ठळक अक्षरांत ‘आई आणि बाबा’ लिहिलं आणि आईच्या खुर्चीसमोर भिंतीला लावला. मग ती चहा टाकायला आत गेली. त्याने पाहिलं. जे दिसणार हे त्याला ठाऊक होतं तेच दिसलं. त्याच्या सदऱ्यात, त्याच्या खिडकीत, त्याच्या बायकोचा हात धरून तो म्हातारा उभा होता आणि वाकड्या जिवणीने हसत होता.

बायको बराच वेळ फोटोकडे पाहत राहिली. मग तिचा चेहरा असा खुलला की त्याला तिचं जुनं रूप आठवलं. कित्येक महिन्यांत ती अशी दिसली नव्हती.

“आलात?” ती फोटोला म्हणाली. “किती उशीर केलात, अहो.”

तो तिच्या खुर्चीमागे उभा होता. हाच शब्द ऐकायला त्याने जिवाचं रान केलं होतं. त्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

ती फोटोशी बोलत राहिली. प्रकृती कशी आहे, केस किती पिकले, जेवणाचं काय करता. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखी थांबली आणि मागे वळून याच्याकडे पाहू लागली.

“आपण स्टुडिओतलेच का?” तिने विचारलं. “तिथे एक मुलगा होता. हे नव्हते तेव्हा यांच्या जागी उभा राहिला होता. त्याला कुणी सांगितलं का, आता हे आलेत म्हणून? नाहीतर अजून उभाच असेल बिचारा.”

आत कपबशा वाजल्या.

“कसा होता तो?” त्याने कसंबसं विचारलं.

ती विचारात पडली. कपाळाला आठ्या पडल्या. आठवायची तिची धडपड पाहून त्याला वाटलं, विचारायलाच नको होतं.

“तोंड नाही आठवत,” ती म्हणाली. “पण माझा हात थरथरत होता ना, तो त्याने कोपराने दाबून धरला. कुणाला कळूसुद्धा दिलं नाही. आपण ओळखता त्याला?”

“ओळखतो.”

“मग सांगा त्याला. म्हणावं, फार उपकार झाले. आता गेलास तरी चालेल.”

“सांगतो,” तो म्हणाला, आणि खुर्चीमागे होता तिथेच उभा राहिला.