वरची गुंडी

“यांच्या शर्टाची बटणं रोज कोण लावतं?” लष्करी इस्पितळातल्या मेडिकल बोर्डाच्या डॉक्टरांनी विचारलं.

“त्याच लावतस,” झुंबरबाई नवऱ्याकडे बोट करून बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

परक्यांपुढे नवऱ्याचं उणं काढायचं नाही, हे वळण त्यांना पिंपळनेरला सासरी आल्यापासून पडलेलं. खरं तर आज त्यांनीच हिलालभाऊंची दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट चढवला होता. साहेबांपुढे जायचं म्हणून बुटांना पॉलिशही केलं होतं. बर्फात बंदूक पेललेल्या त्या हातांना आता चमचा पेलत नव्हता. आजार आधी बोटांत शिरला, मग दंडात, आणि या पोळ्यापासून जिभेवर येऊन बसला होता. पुढची पाळी श्वासाची, असं धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हापासून हिलालभाऊ नुसते खोकले तरी झुंबरबाई हातातलं काम टाकून धावत.

“मग यांना कायम माणूस लागतो, असं कसं लिहू?” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

ते लिहिलं गेलं असतं, तर माणूस ठेवायचा भत्ता मिळाला असता. बापाला उचलायला नर्सिंग सोडून घरी आलेली लेक रूपा परत धुळ्याला गेली असती. नवऱ्याची अब्रू राखायला गेलेल्या आईनेच लेकीच्या पायात खोडा घातला होता.

तेवढ्यात हिलालभाऊंची जड जीभ हलली.

“खोटं बोलस ती. बठ्ठं काम तीच करस.” मग बायकोला म्हणाले, “वरली गुंडी खोल.”

झुंबरबाईंनी वरचं बटण काढलं.

“हं, लावा आता,” डॉक्टर म्हणाले.

हिलालभाऊंनी डाव्या हाताने उजवा हात कसाबसा गळ्याशी नेला. बोटं बटणावर टेकली, घसरली. पुन्हा टेकली. कपाळावर घाम आला, घशात घरघर सुरू झाली. झुंबरबाईंचे हात आपोआप पुढे होत होते. ते त्यांनी पदराखाली घट्ट दाबून धरले. मदत करावी तर लेकीचं नुकसान, आणि हे तर डोळ्यांनी बघवत नव्हतं. अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये!

“पुरे, हवालदार,” डॉक्टर हळूच म्हणाले. “चोवीस तास माणूस हवा. लिहितो मी.”

“आहो, झालं ना. मी लावस,” झुंबरबाई पुढे सरकल्या.

हिलालभाऊंनी मान हलवून त्यांना अडवलं.

“लगाता हूँ, साब,” ते म्हणाले, आणि त्यांची बोटं पुन्हा बटणाशी गेली.