मधले बावीस किलोमीटर

लॉजच्या मॅनेजरने "चहा?" असं विचारलं तेव्हा टेलिफोनबाईंचा एक पाय पेडलवर होता. "आल्यावर घेईन," त्या म्हणाल्या, आणि कोपऱ्यापर्यंत गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की इथे काही आपल्याला परत यायचं नाही. पण आता चहासाठी वळायचं म्हणजे पाच मिनिटं गेली. सहा दिवस झाले, बाईंचं हे असंच चाललं होतं. जेवताना लक्ष सायकलकडे, झोपताना लक्ष सकाळकडे.

बाईंनी एकोणचाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायरी. तेव्हा ट्रंक कॉल लावायचा, तर तो गावागावांतून हातोहात पुढे जायचा. बाईंच्या गावापासून समुद्राकाठच्या शेवटच्या गावापर्यंत मधे नऊ एक्स्चेंज होती. एकेका गावाची ऑपरेटर पुढच्या गावाला जोडून द्यायची. त्या सगळ्या गावांचे आवाज बाईंना पाठ होते. कुणाला कायमची सर्दी, कुणाच्या मागे पंख्याची घरघर. गावं मात्र एकही पाहिलेली नव्हती.

समुद्राकाठच्या टोकाला एक ऑपरेटर बसायची, सतरा नंबर. हे तिचं टोपणनाव. खरं नाव दोघींनी एकमेकींना सांगितलं होतं, पण जिभेवर बसलं नाही ते नाहीच. एकोणीस वर्षं रोज बोलणं, निवृत्तीनंतरही महिन्याला फोन, आणि भेट एकदाही नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता दोघींचे केस पिकले. या वर्षी सतरा नंबर म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, नजर चाललीये. यायचं तर दिसतंय तोवर ये. नंतर काय, आवाज तर मी ऐकतेच आहे."

बाई निघाल्या. सायकलने, त्याच नऊ गावांतून, लाइन जशी जायची तशी.

"अगं आई, रेल्वेने जा ना," मुलगा म्हणाला. त्याचं औषधांचं दुकान, त्यामुळे त्याला सगळ्या जगाची गुडघेदुखी ठाऊक.

"आयुष्यभर बसून काढलं. आता बसून जायचं नाही."

"सायकलवरही बसूनच जातात, आई."

शेवटी त्याने अट घातली. रोज सकाळी मुक्कामाचं गाव सांगायचं आणि सूर्य मावळायच्या आत तिथून फोन करायचा. ज्या दिवशी मुक्काम चुकला, त्या दिवशी प्रवास संपला. तो स्वतः गाडी घेऊन येणार आणि तिला घरी नेणार. बाईंनी शब्द दिला. हा पोरगा शब्दाचा पक्का होता आणि तो गुण त्याने कुणाकडून घेतला होता तेही उघड होतं.

आज चौऱ्याहत्तर किलोमीटर होते, आणि समोरून वारा. रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना कापलेली शेतं. वारा अडवायला एक झाड म्हणून नाही. बाई दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होत्या, जणू घड्याळच पेडल मारणार होतं. चाळिसाव्या किलोमीटरला मागचं चाक बसलं. दुपारचा एक वाजून गेला होता.

पंक्चर बाईंना घाबरवत नव्हतं. एका छोट्या पुलाच्या कठड्याशी त्यांनी सायकल उलटी केली, ट्यूब बाहेर काढली, हवा भरली आणि कानाशी धरली. बाकीचे लोक पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतात. बाईंना पाणी कशाला! चार माणसं एका वेळी बोलताना ज्या कानाने हवा तो आवाज उचलला, त्या कानाला ट्यूबची फुसफुस म्हणजे काय मोठी गोष्ट? भोक लगेच सापडलं. घासलं, सोल्यूशन लावलं, पॅच चिकटवला. "सोळा मिनिटं," त्या मोठ्याने म्हणाल्या. ऐकायला कोणी नव्हतं, तरी मान ताठ झालीच.

त्या गडबडीत दोन चुका झाल्या. सोल्यूशन कठड्यावरच राहिलं. आणि टायरच्या आतून बोट फिरवायचं राहिलं.

पाच किलोमीटरवर चाक पुन्हा मऊ लागलं. बाईंनी पंप मारला. तीन किलोमीटरवर पुन्हा पंप, मग दोनवर. पॅच नीट बसला नसेल, असं म्हणत त्या पुढे रेटत राहिल्या. थांबून बघायला वेळ कुठे होता? बावन्नाव्या किलोमीटरला, पावणेचार वाजता, चाक जमिनीला टेकलं ते टेकलंच.

आता त्यांनी टायरच्या आत बोट घातलं, आणि "आई गं!" म्हणून बाहेर काढलं. रक्ताचा थेंब. लोखंडाची एक बारीक तार टायरमध्ये आरामात रुतून बसली होती आणि नव्या पॅचच्या शेजारी तिने तीन भोकं पाडली होती. कानाला भोक ऐकू येतं; तार गप्प असते.

पिशवी तीनदा उलटी केली. सोल्यूशन नव्हतं.

बाई सायकल ढकलत निघाल्या. चालत बावीस किलोमीटर म्हणजे रात्र. मग थांबल्या. मग पुन्हा शंभर पावलं चालल्या. तिन्हीसांजेला पोराचा फोन येणार, उद्या गाडी येणार, घरी भात-आमटी, सून पाय चेपून देणार. आणि तिकडे समुद्राकाठी एक बाई रोज थोडी थोडी कमी बघणार.

पावणेपाचला मागून एक टेंपो आला. आपणहून थांबला. मागे गाद्यांची चळत दोरीने बांधलेली.

"मावशी, कुठवर?" ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

बाईंनी गावाचं नाव सांगितलं.

"मीही तिकडेच. चढा. सायकल गादीवर झोपून येईल, तुम्ही माझ्या शेजारी. तिच्यापेक्षा तुमची गैरसोय जास्त आहे."

बाई हलल्या नाहीत.

"बसायचं नाही मला," त्या म्हणाल्या.

"मग उभ्या राहा. टप छोटा आहे, डोकं आपटेल." तो खाली उतरला, चाक बघितलं, बाईंकडे बघितलं. "घरी कुणी रागावणार आहे का?"

"मुलगा."

"माझी आईसुद्धा मला अशीच घाबरते. फक्त दाखवायला."

बाई हसल्या आणि बसल्या.

पाऊण तासाचा तो प्रवास त्यांना आठ तासांसारखा गेला. ड्रायव्हर भला माणूस, सासूचे किस्से सांगत होता. बाई खिडकीतून रस्ता बघत होत्या. एक विहीर गेली. एक शाळा गेली. बाहेर बाकावर बसलेल्या कुणीतरी हात केला, तो परत करेपर्यंत माणूस मागे पडला. किलोमीटरचा दर दगड बाई मनात मोजत होत्या.

गावात साडेपाचला पोचल्या. चौकातल्या सायकलवाल्याने तार उपटून तीन पॅच लावले. सूर्य अजून दोन हात वर होता. बाईंनी आधी सतरा नंबरला फोन लावला.

"एक दिवस उशीर होईल गं."

"का?"

"टेंपोत बसले. बावीस किलोमीटर."

 सतरा नंबर म्हणाली, "म्हणजे मधला तुकडा राहिला."

"हो ना. मधे लाइन तुटलेली ठेवून तुला काय जोडू?"

"जा बाई मागे. मी काही उद्याच आंधळी होत नाही."

मग मुलाला.

"पोचलीस? शाबास! वेळेत!" मागे गिऱ्हाइकांचा गलका होता.

"टेंपोतून पोचले."

"मग काय झालं? पोचलीस ना? अट पोचायची होती."

"तुझी अट पुरी झाली. आता उद्याचा मुक्काम लिहून घे."

"सांग."

"इथेच."

"विश्रांती? देव पावला!"

"विश्रांती कसली रे. सकाळी बावीस किलोमीटर मागे जाते, टेंपोत बसले तिथवर, आणि परत येते."

"चव्वेचाळीस किलोमीटर? जिथे आहेस तिथेच यायला?" तो ओरडला. गलका एकदम थांबला. गिऱ्हाइकंही ऐकू लागली असावीत. "आई, कुणाला कळणार आहे?"

"मला. लिहिलंस का?"

"लिहितोय."

"वाचून दाखव."

 कागद खरखरला.

"'आई. गाव तेच. सूर्य मावळायच्या आत.'"

"बरोबर," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.