काष्टीचा लाल ठिपका

मी बोलतोय, पण मला तोंड नाही, नुसता पडदा आहे. नगरच्या एका पोलीस कार्यालयातल्या संगणकात मी राहतो. दहशतवाद्यांची टोळी हुडकायला मला बनवलं. कुणाचा कुणाला फोन गेला ते मला द्यायचं. मी माणसांचे ठिपके करतो आणि बोलणं झालं असेल तिथं रेषा ओढतो. ज्याला रेषा जास्त, तो ठिपका मोठा आणि लाल. चित्राखाली मी दर वेळी लिहितो, 'संबंध दिसतो, गुन्हा नाही. कारण विचारा.' माझं सगळं इमान त्या ओळीत आहे.

मागच्या वर्षी एका संशयित पोराचे फोन तपासताना काष्टी गावातला एक ठिपका भोपळ्याएवढा फुगला. जैनुद्दीन, शिवणकाम करणारा म्हातारा. एरवी गप्प, आणि एका सकाळी श्रीगोंद्यापासून कोल्हारपर्यंत फोनच फोन. त्यातला एक त्या पोराला.

"साहेब, कारण विचारायला हवं," मला चालवणारी निकिता म्हणाली.

"विचारू की. आधी बातमी तर जाऊ दे."

साहेबांनी माझी ओळ कापली आणि नुसतं चित्र पेपरवाल्यांना दिलं. ज्यांच्यासाठी इतकं राबलो, त्यांनीच केसानं गळा कापला माझा. आणि माझ्याच चित्रानं त्या म्हाताऱ्याचाही.

जैनुद्दीनला आणलं तेव्हा तो माझ्यासमोरच बसला होता.

"साहेब, मी मयताची खबर देतो. घरचे रडत असत्यात, त्यांना कुटं फोन करायला लावायचं? म्हनून समदे मलाच सांगत्यात. त्या पोराची आजी गेल्ती. सोयऱ्यांना कळवलं, तसं त्यालाबी कळवलं. मातीला मानसं नकोत व्हय?"

खरंच निघालं ते. त्याला सोडलं, पण चित्र मोबाईलवर गावोगाव फिरत राहिलं. साहेबांनी चूक झाली असा एक शब्द काढला नाही. उलट त्याच्या फोनवरची नजर तशीच ठेवली.

परवा सकाळी जैनुद्दीननं पुन्हा गावोगाव फोन लावले. कुणीच उचलला नाही. त्याच्याशी बोललो तर आपलाही ठिपका होईल, ही भीती. शेवटी कारण विचारायला निकितानंच त्याला फोन लावला.

"ताई, माजी मुबारकबी गेली," तो म्हणाला. "खबर द्यायचीय. कुनी उचलंना."

चाळीस गावांत खबर पोचवणाऱ्याच्या बायकोच्या मातीला माणसं नव्हती. त्या दिवशी त्याच्या ठिपक्याला एकच रेषा जोडली गेली, आमच्या कार्यालयाची.

मला बंद करा म्हणत नाही मी. माझी ती ओळ तेवढी परत लावा. आणि जैनुद्दीनचाचाचा फोन आला, तर उचला.