शंभर पावलांची बचत

तिपट्टी काकूंना त्या सोमवारी एकूण फायदा होणार होता शंभर पावलांचा. त्यांच्या दारापासून पंपघराशेजारच्या काच टाकायच्या पिंपापर्यंत पन्नास पावलं जायची, पन्नास यायची. फुटलेली काच ज्याच्या घरची, त्यानेच त्या पिंपात नेऊन टाकायची, असा गावाचा नियम होता. काकूंना नियम अगदी मान्य होता. इतरांसाठी.

मित्रांनो, मी एक जुनी कचऱ्याची ढकलगाडी आहे. एकशे बारा घरांचं उष्टंखरकटं मी वाहिलं आहे. कोणतं घर काय खातं, काय लपवतं आणि पाहुणे आले की कसला थाट करतं, हे मला दारात उभ्या उभ्या कळायचं. माणसं खोटं बोलतात. त्यांच्या बादल्यांना ते जमत नाही.

माझा जन्म वेल्डरच्या अंगणात झाला. लोखंडी खाटेचा सांगाडा, सायकलीची दोन चाकं आणि मधोमध पत्र्याचा पडदा. डावीकडे ओला कचरा, उजवीकडे सुका. पहिल्या दिवशी सगळं गाव मला बघायला लोटलं, फोटो काढले, कौतुक केलं. कौतुकाला काही लागत नाही, म्हणून ते पहिल्याच दिवशी भरपूर मिळतं. दुसऱ्या दिवशी मी दारात गेले, तर त्याच लोकांनी नाकं धरली. स्वतःच्याच घरातल्या वासाला, बरं का!

मला ढकलायच्या त्या गाडीवाल्या मावशी. बांधा बुटका, जीभ लांब.

"ताई, यात ओलं-सुकं एकत्र दिसतंय."

"मग करा ना वेगळं. तुमचंच काम आहे ते."

"करते की! पण यात काय काय सापडलं, ते पुढच्या दारात सांगत जाईन."

ताईंची बादली दोन मिनिटांत वेगळी होऊन यायची.

सगळ्या गल्ल्यांमधली भाजीची सालं-देठं तिपट्टी काकूंच्या गाईला जायची. बदल्यात काम संपल्यावर मला त्यांच्या गोठ्याच्या आडोशाला उभं राहायला जागा. पण सालं गव्हाणीत टाकण्याआधी मावशी प्रत्येक पुडकं सोडून हाताने चाचपून बघायच्या. खिळा, पिन, दोरी, प्लॅस्टिक, सगळं बाजूला काढायच्या. "गाय आधी गिळते, चावते मागाहून," त्या म्हणायच्या. "विचार आपणच करायचा असतो." हे चाचपणं कुणी त्यांना सांगितलेलं नव्हतं आणि कुणाच्या लक्षातही आलेलं नव्हतं.

आता काकूंना तिपट्टी का म्हणत, ते ऐका. उसनं दिलेलं भांडं परत येत नाही, या धास्तीने त्या प्रत्येक डब्याच्या, बरणीच्या बुडाशी लाल ऑइलपेंटच्या तीन पट्ट्या ओढायच्या. गावात कुणावर म्हणून त्यांचा विश्वास नव्हता.

त्या सोमवारी त्यांची एक बरणी फुटली. पिंप पन्नास पावलांवर, मी दारात. काकूंनी काचा वर्तमानपत्रात गुंडाळल्या, वर बटाट्याची सालं पसरली आणि पुडकं माझ्या डाव्या कप्प्यात टाकलं. गोठ्याशी मावशींनी ते सोडलं, हात घातला आणि नुसतं "आई गं" म्हणून खाली बसल्या. अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत चिरलं होतं. डॉक्टरांनी नऊ टाके घातले. म्हणाले, शीर तुटली आहे, अंगठा वाकेल याची खात्री नाही.

दुसऱ्या दिवशी मावशींच्या आधी काकूच गावाच्या कार्यालयात पोचल्या. मी खिडकीखाली उभी होते.

"ही बाई माझ्या गोठ्यात काचा आणते! माझी गाय मेली असती तर? आजच्या आज काढा हिला."

"मावशी, काच कुणाच्या घरची?" कारकुनाने विचारलं.

मावशींनी डाव्या हाताने रुमाल सोडला. बरणीचं बूड टेबलावर ठेवलं. त्यावर तीन लाल पट्ट्या होत्या.

काकू उसळल्या, "ही तर माझीच बरणी! म्हणजे चोरलीस तू! चोरलीस आणि वर फोडलीस!"

"काकू, चोरायचीच होती तर भरलेली नसती का चोरली?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. तिथे अकरा जण जमले होते. त्यांच्यापैकी सात जणांनी आजवर माझ्या पोटात काच दडवली होती. काकू चुकल्या म्हणावं, तर उद्या आपलंही पुडकं उघडणार. त्यापेक्षा मावशींनी घरी बसावं, यात सर्वांचीच सोय होती.

"हात बरा होईपर्यंत विश्रांती घ्या," कारकून म्हणाला. पुढे कुणी बोलावलं नाही.

माझ्या जागी मोटारगाडी आली. तिचा ड्रायव्हर खाली उतरत नाही. तो दांडा ओढतो आणि सालं थेट गव्हाणीत पडतात. कुणी चाचपत नाही, हे एकशे बारा घरांना आठवड्यात कळलं. पंपघराशेजारच्या पिंपात कोळ्याने जाळं विणलं.

तिसऱ्या महिन्यात काकूंच्या गाईने चारा सोडला. चार दिवसांत ती गेली. जनावरांच्या डॉक्टरांनी पोटातून बोटभर काच काढली. काकू ती घेऊन दारोदार फिरल्या, "कुणाची आहे ही? बोला ना!" प्रत्येक घराने नाही म्हणून मान हलवली. काचेवर पट्ट्या नव्हत्या.

मित्रांनो, मी कार्यालयामागे गंजत पडले आहे. माझ्यात कोंबड्या अंडी घालतात. माझी कीव करू नका. तुमच्या घरी काच फुटली, तर ती उचला आणि चालायला लागा. तुम्ही न चाललेली पावलं कुणाला तरी चालावी लागतातच.

हिशेब असा: काकूंची शंभर पावलं वाचली, बाकीच्या घरांनीही आपापली वाचवली. मावशी आता डाव्या हाताने जेवतात. उरलेलं सगळं गाईने भरलं, आणि तिने तर आयुष्यात एकही बरणी फोडली नव्हती.