कुरणाचे बंद फाटक

मित्रांनो, मी एक फाटक आहे. जुने आहे, थोडे वाकलेले आहे आणि उघडताना करकरते, त्यामुळे लोक मला तेल घालायचे सोडून शिव्या घालतात. तरीही आज बोलायचे ठरवले आहे. एका दुपारी माझ्यासमोर एक घोडी मरणाच्या दारात गेली होती. तिची ती गत कशाने झाली, हे ठाऊक असलेला एकच माणूस तिथे होता आणि तो गप्प उभा होता. मीही गप्प होते, पण माझा इलाज नव्हता.

माझा जन्म पाण्याच्या जुन्या नळांपासून झाला. लोहाराने ते कापले, जोडले, आणि थोरले मालक शेजारी उभे राहून त्याचे डोके खात होते. त्यांच्याकडे तेव्हा गाई होत्या. माझ्यामागे पार ओढ्यापर्यंत कुरण पसरले होते. सकाळी मला सताड उघडायचे, गाई सुटायच्या आणि दिवसभर मी उघडेच असायचे. फाटक असूनही कोणाला अडवायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. मालक माझ्यावर कोपरे टेकून गाईंकडे बघत आणि "खाऊ दे पोटभर" एवढेच म्हणत. त्यांनी स्वतःच्या हातांनी मला हिरवा रंग दिला होता. येणाराजाणारा कौतुक करायचा आणि मी फुलून जायचे.

मग दिवस फिरले. मालकांच्या गुडघ्यांनी दगा दिला, गाई विकल्या गेल्या. कुरणातून रस्ता गेला आणि रस्त्यापलीकडे टुमदार घरे उठली. आपल्याकडे राहिला तो घरामागचा एवढासा तुकडा. माझा रंग उडाला, एक बिजागरी निखळली, अंगावर वेल चढले. कित्येक वर्षे माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. मला त्याचे फार वाईट वाटायचे.

मला पुन्हा उभे केले ते सूनबाईंनी. लग्नाआधी त्या घोडेस्वारी शिकवायच्या. त्यांनी गोठ्याचा तबेला केला आणि लोकांचे घोडे सांभाळायची पागा काढली. ज्यांना घोड्याची हौस आहे पण घरी जागा नाही, त्यांनी आपला घोडा इथे ठेवायचा आणि सुट्टीच्या दिवशी येऊन फिरवायचा. चारापाणी, खरारा, लीद काढणे हे सगळे सूनबाईंकडे. पाच घोडे आलेसुद्धा. फक्त एका गोष्टीची वानवा होती, ती म्हणजे चरायला जागा.

"एवढ्याशा तुकड्यात पाच घोडी? पंधरा दिवसांत नुसता चिखल होईल," थोरले मालक म्हणाले.

"म्हणूनच सगळे एकदम सोडायचे नाहीत, बाबा. पाळीने सोडायचे."

त्यांनी खुंटांना पांढरी पट्टी ताणून तुकड्याचे तीन भाग केले. एका भागात चराई आणि दोन भागांना विश्रांती. एका वेळी दोनच घोडे आत, तेही थोडाच वेळ. बाकी दिवसभर त्यांनी माझ्या अलीकडच्या उघड्या आवारात राहायचे आणि जाळीत टांगलेले वाळलेले गवत खायचे. म्हणजे माझे काम काय, तर बंद राहणे. एवढ्या वर्षांनी मला खरेखुरे काम मिळाले आणि ते होते सगळ्यांना नाही म्हणायचे.

घोडेवाल्यांना ते रुचले नाही. "समोर हिरवंगार गवत आणि बिचारे टुकत उभे," असे म्हणत ते माझ्याकडे रागाने बघायचे. त्यांनी माझे नाव 'खडूस' ठेवले. मला त्याचे काही वाटत नव्हते. वाईट वाटायचे ते थोरल्या मालकांना.

त्यातही बदामी म्हणजे नाटकीपणाचा कळस. ती औषधांचे दुकान चालवणाऱ्या एका बाईंची घोडी. अंगाने गोल गरगरीत, पण माझ्यावरून मान टाकून असा चेहरा करायची की जणू जन्मात काही खाल्ले नाही. हिरवे गवत जास्त झाले की तिचे खूर दुखायला लागायचे, म्हणून तिची पाळी सगळ्यांत लहान. मालकांच्या हे गळी उतरत नव्हते. सारा जन्म गाईंमध्ये गेलेला माणूस तो. जनावर रिकाम्या तोंडाने उभे दिसले की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

त्या दिवशी सूनबाई चारा आणायला गेल्या होत्या. दोन घोडे आत चरत होते, दोन तबेल्यात होते आणि बदामी एकटीच माझ्यापाशी उभी होती. रस्त्यापलीकडच्या घरांमध्ये माळी यंत्राने हिरवळ कापत होता. कापलेले गवत तो पोत्यात ठासून भरायचा आणि फेकून द्यायचा. मालकांनी त्यातले एक पोते मागून घेतले, गुडघ्यांची कुरकुर सोसत इथवर आणले आणि माझ्यावरून बदामीपुढे ओतले.

"खा बाई," ते हळूच म्हणाले. "सूनबाईला कळू देऊ नको."

ते गवत पिठासारखे बारीक होते. पोत्यात दाबून उन्हात राहिल्यामुळे गरम झाले होते आणि त्याला आंबूस वास येत होता. बदामीने ते चावलेच नाही. अधाशासारखे गिळले. मालक कौतुकाने बघत राहिले. मग पोत्याची घडी करून, आपण पुण्य केले अशा समाधानात ते घरात गेले.

थोड्या वेळाने बदामी पाय आपटू लागली. मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघू लागली. तिच्या अंगाला घाम फुटला. सूनबाई चारा घेऊन परत आल्या तेव्हा ती जमिनीवर पडून लोळत होती. हातातला भारा टाकून त्या धावल्या. दोरी धरून त्यांनी तिला कसेबसे उठवले, चालवू लागल्या आणि चालता चालताच डॉक्टरांना आणि औषधवाल्या बाईंना फोन केला.

बाई आल्या त्या दुकानातल्या पांढऱ्या कोटावरच. घोडीचे फुगलेले पोट बघून त्यांचा चेहरा उतरला.

"काय खायला दिलंत तिला?"

"वाळलं गवत. रोजचंच, रोजच्याइतकंच. फाटक बंद होतं, बाई, मी स्वतः लावून गेले होते."

"तेच तर. फाटक सदा बंद आणि जनावर मातीत उभं. उपाशी जनावर मातीच खाणार. तुमच्याकडे चरायला जागाच नाही तर पागा काढलीत कशाला?"

सूनबाई घोडीला चालवतच राहिल्या. ही घोडी गेली तर बाकीचे चार घोडे दुसऱ्या दिवशी जातील आणि पागा बाळसे धरण्याआधीच बंद पडेल, हे त्यांना कळत होते. पण त्यांचे डोळे भरून आले ते घोडीकडे बघून.

एवढ्यात थोरले मालक बाहेर आले. त्यांनी बदामीला पाहिले आणि ते जागच्या जागी थिजले. मग माझ्यापाशी आले. माझ्या खालच्या नळाला ते बारीक गवत चिकटून राहिले होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि तळहाताने ते पुसून टाकले. तो हात माझ्या अंगावर गार लागला. मित्रांनो, त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला. ज्या माणसाने मला रंग दिला, त्याचाच.

डॉक्टर आले. त्यांनी घोडीच्या पोटाला कान लावला, हिरड्यांचा रंग पाहिला.

"माती खाल्ली असेल तर नळीने आत औषध सोडावं लागेल," ते म्हणाले. "पण काही फुगणारं खाल्लं असेल, तर आत एक थेंबही घालता कामा नये. आधी पोट रिकामं करायला हवं. घोड्याला ओकता येत नाही, पोट फुटेल. कोणी काही दिलंय का तिला? नीट आठवा."

"काही नाही दिलं," सूनबाई म्हणाल्या. "मातीच असेल. माझंच चुकलं."

डॉक्टरांनी पिशवी उघडली. बदामी पुन्हा गुडघ्यांवर आली. मालकांनी मला दोन्ही हातांनी इतके घट्ट धरले की माझी सैल बिजागरी करकरली.

"माती नाही," ते म्हणाले. डॉक्टरांना ऐकू गेले नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितले. "माती नाही, डॉक्टर. मी दिलं. हिरवळीचं कापलेलं गवत, पोतंभर. गाईंना द्यायचो तसं दिलं."

"कधी?"

"जेवायच्या आधी."

डॉक्टरांनी औषध पिशवीत परत ठेवले. लांब नळी काढून ती घोडीच्या नाकातून हळूहळू पोटात सरकवली. भस्सकन वायू आला आणि पाठोपाठ हिरवा, आंबलेला फेस. बादली भरली. डॉक्टर पाणी आत घालत आणि बाहेर काढत राहिले. "गाय रवंथ करते, आजोबा," काम करता करता ते म्हणाले. "घोड्याच्या पोटात गेलं ते गेलं." मालकांनी मान खाली घातली.

ऊन कलल्यावर बदामीने लीद टाकली. लिदीकडे बघून तीन शहाणी माणसे आनंदाने रडताना मी पहिल्यांदाच पाहिली.

मग औषधवाल्या बाई मालकांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"घेऊन जा तिला," मालक म्हणाले. "पण सूनबाईला बोल लावू नका. ती बरोबर होती."

"घेऊन गेले, तर तिथेही कोणीतरी मायाळू माणूस असेलच," बाई म्हणाल्या. "आणि तो कदाचित गप्प बसेल. बदामी इथेच राहू दे. फक्त तिच्या पाळीला फाटकापाशी तुम्ही उभं राहायचं. दुसरं कोणी नको."

डॉक्टरांनी चरायची मोकळीक दिली, त्या दिवशी मालक वेळेच्या आधीच येऊन उभे राहिले. बदामीने माझ्यावरून मान टाकली आणि त्यांचे हात हुंगले, मग सदऱ्याचे खिसे हुंगले. ती त्यांच्यावर रागावली नव्हती. तिला आठवत होते ते एवढेच, की या माणसाने आपल्याला पोटभर खायला घातले होते. मालकांनी तिच्या कपाळाला कपाळ टेकले आणि खूप वेळ तसेच उभे राहिले.

मित्रांनो, कोणाच्या जनावराला प्रेमाने काही द्यावेसे वाटले, तर आधी त्याच्या माणसाला विचारा. आणि विचारायचे राहून गेलेच, तर लगेच सांगून टाका. लाज वाटेल, बोलणी बसतील, तरी सांगा. तुम्ही सांगेपर्यंत ते जनावर तुमची वाट बघत उभे असते, आणि त्याला स्वतःला काही सांगता येत नाही.