रेशमाच्या शेडमधला वहीएवढा संगणक

मित्रांनो, दिसायला वहीएवढा असलो तरी मी संगणक आहे, आणि आता चांगलाच म्हातारा झालो आहे. आमच्या जातीचे छोटे, स्वस्त संगणक एके काळी घरोघरी हौसेने आणले जात. बुद्धी बेताची, पण काखेत मारून कुठेही न्यावे असे आम्ही होतो. पुढे मोठ्या पडद्याचे फोन आले आणि आम्हाला बनवणेच बंद झाले.

मी धावडा गावच्या ज्योत्स्नाताईंकडे आलो. त्यांच्या रेशमाच्या शेडमध्ये हजारो पांढऱ्या अळ्या तुतीचा पाला खात. ती बारीक सरसर ऐकत मी अर्धवट झोपेत पडून असे. अळ्या कात टाकायला निश्चल झाल्या, की सारे शेडच स्वप्नात गेल्यासारखे वाटे. ताई मग मला उघडून टिपून ठेवत: ऊन किती, पाला कोणत्या ओळीचा, अळ्या कशा.

नंतर ताईंनी फोन घेतला आणि मी कापडात गुंडाळून फळीवर गेलो.

एका दुपारी अळ्या माना हलवू लागल्या, तोंडातून हिरवे पाणी टाकू लागल्या.

"अहो, मागं एकदा असंच झाल्तं. तव्हा काय केल्तं आपण?" ताईंनी कल्याणरावांना, आपल्या नवऱ्याला, विचारले.

"मला बिलकुल ध्यानात न्हाई. त्या छोट्यात बघ, जल्दी!"

ताईंनी मला फळीवरून काढून वायर जोडली. माझी बॅटरी मेली होती. वायर जराशी हलली तरी मी विझत होतो.

"वायर सोडू नका!" ताई ओरडल्या. कल्याणराव श्वास रोखून ती धरून बसले. अखेर ओळ सापडली: 'शेजारी कपाशीवर फवारणी. बांधाकडचा पाला बंद. विहिरीकडचा दिला.'

दोघेही विहिरीकडचा पाला आणायला धावले. संध्याकाळी सरसर पुन्हा सुरू झाली. विरळ होती, पण होती. निम्म्या अळ्या वाचल्या.

कोष झाल्यावर त्यांनी मला भोकरदनला भागवत मेकॅनिककडे नेले.

"ताई, ह्याचा माल येत न्हाई आता. एकडाव चालू करून देतो, मंग भरोसा न्हाई."

तिथेच बाकावर बसून ताई वाचत गेल्या आणि कल्याणराव वहीत उतरवत गेले.

मित्रांनो, तुमच्या फळीवरही कोणी असा पडला असेल. त्याच्या पोटात तुमचेच दिवस आहेत. ते आधी काढून घ्या, मग त्याला निजू द्या.

सगळे उतरवून झाल्यावर ताईंनी माझ्यात आणखी एक ओळ लिहिली: 'यंदाचे कोष पांढरे शुभ्र.' कल्याणरावांनी पेन उचलला.

"ही नगं," ताई म्हणाल्या. "ही त्याच्यापाशीच राहू द्या."