पुढच्यासाठी अंथरूण

विहाराच्या धर्मशाळेचे नियम दोनच. संध्याकाळची घंटा झाली की सकाळच्या घंटेपर्यंत कुणी ब्र काढायचा नाही, आणि खोली सोडणाऱ्याने आपली चादर धुऊन पुढच्यासाठी अंथरूण घालून जायचं.

आयाबाई टेकडी चढून दारात पोचल्या आणि घंटा वाजली. झालं! पोराचा फोटो पिशवीतच राहिला. दवाखान्यात आयाचं काम करून जन्म गेला, आता म्हातारपणी ही पायपीट, घर सोडून गेलेल्या एकुलत्या एका पोराला शोधायची. वर्ष होत आलं. टेकडीवरच्या विहारात तसा एक दिसला असं कुणी म्हणालं, की निघाल्या. म्हाताऱ्या भिक्खूंनी खुणेनेच खोली दाखवली.

लोखंडी पलंग, वर एक खिडकी. पाठ टेकायला बाई वाकल्या आणि तशाच थांबल्या. चादरीच्या कोपऱ्याला दुहेरी घडी, टोक आत खोचलेलं, उशीच्या खोळीचं तोंड भिंतीकडे. उशा मात्र दोन. असं अंथरूण जगात दोघंच घालतात. एक त्या स्वतः, आणि दुसरा तो, ज्याला लहानपणी वॉर्डात सोबत नेऊन त्यांनी हे शिकवलं होतं.

"अगं बाई!" त्या मोठ्याने म्हणाल्या. मौन गेलं खड्ड्यात!

पोरगा इथेच होता, कुठल्यातरी खोलीत; सकाळी घंटा झाली की विचारायचं. ती घडी मोडायला हात धजेना, म्हणून त्या जमिनीवरच बसून राहिल्या. भेटल्यावर काय बोलायचं ते घोकत होत्या, कारण शेवटचं बोलल्या होत्या ते फार वाईट होतं. नोकरी गमावून घरी आलेल्या पोराला, भरल्या ताटावर म्हणाल्या होत्या, "तुझ्याऐवजी दगड जन्माला आला असता, तर धुणं धुवायला तरी कामी आला असता!" कुठलीही आई म्हणते हो. पण ह्याचं काळीज हळवं, हे आईला ठाऊक नको?

सकाळची घंटा होताच त्यांनी फोटो पुढे केला. "भंतेजी, हा माझा मुलगा. कुठल्या खोलीत आहे?"

"तुमच्याच खोलीत होता, माई. महिनाभर राहतो म्हणाला होता. काल संध्याकाळी खिडकीशी उभा होता, एकाएकी खाली आला. आपली चादर धुतली, अंथरूण घातलं आणि मागच्या दाराने गेला."

"कुठे?"

"ते नाही सांगितलं. एक उशी जास्तीची मागून घेतली फक्त. म्हणाला, येणाऱ्यांचे गुडघे दुखतात."

बाई खोलीत आल्या. खिडकीतून टेकडीचा रस्ता पार तळापर्यंत दिसत होता. काल गुडघे धरून त्या वाटेत जिथे जिथे टेकल्या, तो प्रत्येक दगड दिसत होता. म्हणजे त्याने सगळं बघितलं. बघितलं, आणि गेला.

"मी ह्या चादरीला पाठसुद्धा लावली नाही हो," त्या दाराशी आलेल्या भिक्खूंना म्हणाल्या. "राहू द्या ना अशीच."

"धुवावी लागेल, माई. तुमच्यासाठीच घातली होती."

मागच्या दाराबाहेर धुण्याचा दगड होता. दोरीवर त्याची चादर अजून दमट होती. बाईंनी आपल्या हाताने पलंगावरची ती घडी मोडली, चादर बाहेर आणून भिजवली आणि दगडावर घासत बसल्या. चादर तशी स्वच्छच होती.